गॅरेजातली गेम कंपनी आली कुठून

कोल्हापुरात 'स्टुडिओ' म्हणलं की जुन्या माणसांना सिनेमाचा जयप्रभाच आठवतो. त्यामुळं २०१३ साली मी रात्री कॉम्प्युटरवर गेम खेळत जागताना पप्पांना "स्टुडिओ चालवतोय" म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून स्क्रीनमध्ये डोकं घातलं. एक गॅरेज, एक टेबल, त्याच्यावर एक पोरगं टकटक करतंय आणि त्याच्याकडनं रंगीत बुडबुडे वर जातायत. "ह्यात स्टुडिओ कुठाय रे?" म्हणून झोपायला गेले.

ती गेम म्हणजे गेम डेव्ह टायकून. ८० च्या दशकात गॅरेजातून सुरुवात करायची, विषय आणि जॉनर (गेमचा प्रकार) ठरवायचा, कुठल्या मशीनसाठी काढायची ते ठरवायचं, मग स्लायडर ओढून इंजिनवर (गेम ज्याच्यावर चालते तो आतला सांगाडा) किती वेळ, गेमप्लेवर किती, स्टोरीवर किती ते वाटायचं. गेम बाहेर पडली की चौघं रिव्ह्यूवाले दहापैकी मार्क देतात आणि त्या चार आकड्यांवर तुमच्या कंपनीतल्या पोरांचे पगार. मशीनची नावं पण गंमतशीर, कमोडोर ६४ चं जी६४, निन्टेन्डोचं निन्व्हेंटो, कळतंय सगळं पण केस कुणी टाकायची नाही.

आता टायकून प्रकार, म्हणजे धंदा चालवायच्या गेमा, म्हणलं की आमच्या वयाच्या पोरांना रोलरकोस्टर टायकूनच आठवते, १९९९ ची, क्रिस सॉयरनं जवळपास सगळी असेंब्ली ह्या मशीनच्या जवळच्या किचकट भाषेत लिहिलेली, कॅफेत तासावर पैसे देऊन आम्ही पाळण्यातली माणसं आजारी पाडायचो. त्याआधी १९९० ला सिड मायरची रेलरोड टायकून. पण कारभार चालवायची गेम त्याच्याही लय आधीची आहे. १९६४ ला अमेरिकेत मेबल ॲडिस नावाच्या शाळामास्तरीणबाईंनी सुमेरियन गेम लिहिली, आयबीएमच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालायची, पोरांनी राजा व्हायचं आणि धान्य किती पेरायचं, किती खायला द्यायचं, किती साठवायचं ते ठरवायचं. ग्राफिक्स वगैरे काय नाही, नुसता कागदावर छापून येणारा मजकूर. म्हणजे बघा, टायकूनची आजी शाळेत शिकवत होती.

पण गेम कंपनीच चालवायची गेम, हे डोकं वेगळं. १९८५ ला इंग्लंडमधल्या केव्हिन टॉम्सनं सॉफ्टवेअर स्टार काढली, त्यात सॉफ्टवेअर कंपनी चालवायची. हा तोच माणूस ज्यानं १९८२ ला फुटबॉल मॅनेजर एकट्यानं लिहून स्वतःच विकली होती. त्याच्यासाठी ते सिम्युलेशन कमी आणि डायरी जास्त असणार असं मला वाटतं. मग जपानातली कैरोसॉफ्ट, एका माणसानं सुरू केलेली, त्यांची गेम डेव्ह स्टोरी ९० च्या दशकात विंडोजवर जपानीत आली आणि इंग्रजीत २०१० ला फोनवर आली तेव्हा बाहेर गाजली. ती बघून पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग ह्या भावांनी २०१२ ला ग्रीनहार्ट गेम्स काढली आणि डिसेंबरमध्ये विंडोज ८ च्या स्टोअरवर गेम डेव्ह टायकून टाकली. सगळ्यांचं एकच, आपण ज्यात अडकलोय त्याचाच खेळ केला.

खरी गाजली ती एप्रिल २०१३ ला. दोघा भावांनी विकायला काढली त्याच वेळी गेमची क्रॅक कॉपी (कुलूप तोडलेली, फुकट चालणारी) पण स्वतःच टोरेंटवर, म्हणजे लोक फुकट फाइली वाटून घेतात तिथं, सोडली, आणि त्या कॉपीत एक खोडी केली: काही वर्षं झाली की तुमच्या गेम लोक चोरून घ्यायला लागतात, विक्री पडते, कंपनी बुडते. पहिल्या दिवशी विकत घेऊन खेळणारे २१४ आणि क्रॅक खेळणारे कमीत कमी ३,१०४. वर क्रॅकवालेच तक्रार करत होते की पायरसीमुळं, म्हणजे ह्या चोरीमुळं, वाट लागतेय, ती थांबवायचं काहीतरी गेममध्ये शोधता येईल काय!

मी ह्या ३,१०४ नंतरचा. राजारामपुरीत मित्राच्या रूमवर पेनड्राइव्हमधनं घेतली, तीनदा कंपनी उभी केली, तिन्ही वेळा बुडाली. मित्र म्हणाला, "लोक फुकट खेळतायत भावा, काय करायचं सांग." आम्ही दोघं चोर कसे नालायक असतात ह्यावर चहा पिताना अर्धा तास बोललो. कारण कळलं ते वर्षभरानं.

गेमात स्वतःचं इंजिन बनवायला पैसे लागतात, तिथं मला आपल्या कोल्हापूरच्या सिनेमावाल्या बाबुराव पेंटरांची आठवण येते. आनंदराव पेंटर आणि बाबुरावांनी सिनेमाचा कॅमेराच हातानं बनवायला घेतला, आनंदराव १९१६ ला गेले, बाबुरावांनी तो पुरा केला. मग त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीतली तयार झालेली माणसं बाहेर पडली, १९२९ ला इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ ला पुण्याला हलली. गॅरेज, तयार माणसं निसटणं, मोठ्या जागेत जाणं, सगळं क्रमानं.

नोकरी लागल्यावर पैसे देऊन घेतली. कंपनीचं नाव प्रभात ठेवलं. एक गोष्ट तेव्हा कळली, मार्क तुमच्याच आधीच्या चांगल्या गेमशी तुलना करून पडतात, म्हणजे लवकर नऊ मिळाले की पुढची त्याहून सरस लागते. मला दुसऱ्याच गेमला नऊ पडले. नवीन ऑफिसात शिफ्ट झालो आणि तिसऱ्या वर्षी बुडालो, ह्यावेळी पायरसीवर ढकलायची पण सोय नव्हती.