वाकड्या टाइल्स आणि पेशीतली कात्री

आमच्या आत्याला बाथरूमच्या टाइल्सच्या रेषा वाकड्या दिसायला लागल्या, आम्ही म्हटलं मोतीबिंदू असेल, पण डॉक्टरांनी चौकटी छापलेला कागद हातात दिला आणि एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं, तर ठिपक्याजवळच्या रेषा लाटांसारख्या. मॅक्युला खराब होतोय म्हणाले. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग, वाचणं, चेहरे ओळखणं सगळं त्याच्यावर. तो गेला की कडेचं दिसत राहतं आणि ज्याच्याकडे बघताय नेमकं तेच पुसट.

पडद्यामागे पेशींचा एक काळपट थर असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोकं रोज झडतात आणि हा थर ती गिळून पचवतो, आयुष्यभर, आणि या पेशी मेल्या तर सहसा नवीन येत नाहीत. वय झालं की इथेच कचरा साठायला लागतो.

आता मायक्रोआरएनए, कारण या थराच्या मरण्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. जीनवरून निघालेल्या, प्रोटीन बनवण्याच्या मेसेजला जाऊन चिकटणारी आरएनएची साधारण 22 अक्षरांची चिटोरी, ती चिकटली की त्या मेसेजचं प्रोटीन कमी बनतं. 1993 मध्ये अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकन या शास्त्रज्ञांना ती 1 मिलिमीटरच्या जंतात सापडली, बरीच वर्षं लोकांना वाटलं ही जंताचीच काहीतरी भानगड, 2024 मध्ये मात्र दोघांना नोबेल. डोळ्यात यांची गरज किती, तर मिआर-204 नावाच्या चिटोरीत एकच अक्षर बदललं आणि एका कुटुंबात पिढ्यान् पिढ्या पडदा खराब होत गेला.

ही चिटोरी कापून तयार करणारं एन्झाइम म्हणजे डायसर, पेशीतली कात्रीच म्हणा. 2011 मध्ये डोळ्यांचे संशोधक जयकृष्ण अंबाटी यांच्या टीमला दिसलं की कोरड्या प्रकारच्या (म्हणजे रक्तवाहिन्या गळत नाहीत अशा) मॅक्युला आजाराच्या शेवटच्या टप्प्यात त्या काळपट थरात डायसर कमी झालेलं असतं. कुणालाही वाटेल, मग मायक्रोआरएनए कमी पडले म्हणून पेशी मेल्या. पण त्यांचं म्हणणं वेगळंच होतं, आपल्या डीएनएत अलू नावाचा तुकडा 10 लाखांहून जास्त वेळा आहे, त्याचा आरएनए हीच कात्री कापून टाकते, ती बोथट झाली की तो साठतो आणि पेशीला मारतो. मला हे फार आवडलं होतं, पण नंतर दुसऱ्या टीमने उंदरांत डायसरला हात न लावता मायक्रोआरएनए बनवणारा वेगळा भाग काढला तरी थर मेला, म्हणजे चिटोऱ्यांचाही हात आहेच. वाद अजून मिटलेला नाही.

औषध म्हणाल तर डोळ्यासाठी मायक्रोआरएनएचं मंजूर औषध अजून एकही नाही. ओल्या प्रकारात, म्हणजे नको तिथे नवीन रक्तवाहिन्या उगवून गळायला लागतात तेव्हा, डोळ्यात इंजेक्शन देतात आणि ते वेळेत दिलं तर नजर बऱ्यापैकी वाचते. आत्याचा प्रकार कोरडा आहे, पण कोरड्याचा ओला कधीही होऊ शकतो, म्हणून तो कागद फ्रीजवर चिकटवलाय आणि चहा उकळेपर्यंत ती एकेक डोळा झाकून रेषा बघते, नवीन रेष वाकली तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा असं ठरलंय.