चाळीसगावचा मूस बंगला : राहत्या घराचं संग्रहालय

चाळीसगाव स्टेशनवर उतरून छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांचं संग्रहालय बघायला निघालात, तर एक गोष्ट आधी ठाऊक असलेली बरी. ही जुनी वास्तू रिकामी पडली म्हणून कुणी संग्रहालयासाठी घेतलेली नाही. इथे एक माणूस राहत होता, आणि त्याच्या राहण्यातूनच घराचं संग्रहालय होत गेलं.

मुळाशी आहे रेल्वे. १८६०च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा भुसावळकडे जाणारा मार्ग खानदेशात आला. १९०० साली धुळ्याचा फाटा निघाला आणि चाळीसगाव जंक्शन झालं. आपला कापूस गाडीने मुंबईला जाऊ लागला, बाहेरची माणसं धंद्यासाठी इथे आली. मूस हे त्यांपैकीच एक पारशी कुटुंब. सोडावॉटरचा कारखाना आणि दारूचं दुकान चालवणारं. मुलगा कैखुश्रू, म्हणजे केकी, १९१२ मध्ये मुंबईत जन्मले. मुंबईहून इथूनच पुढे जाणारी पंजाब मेल ही गाडीही त्याच वर्षी सुरू झाली; तिची गोष्ट पुढे येईल.

इंग्लंडमध्ये कला शिकून ते परतले आणि स्टेशनजवळच्या या घरात शिरले. ३१ डिसेंबर १९८९ रोजी निधन होईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, त्यांनी उंबरठा क्वचितच ओलांडला. घराचं नाव आधी ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ होतं, मग ‘आशीर्वाद’ झालं.

बाहेर जायचं नाही, तर जग टेबलावर मांडायचं. टेबलटॉप छायाचित्रण म्हणतात ते हेच. पीठ भुरभुरलं की बर्फ, वाळकी काटकी रोवली की झाड, दिवा खाली धरला की मावळतीचं ऊन. सावल्या एकाच बाजूला पडायला हव्यात, मागची कड धूसर राहायला हवी. एवढं साधलं की वीतभर मांडणी मैलभर पसरलेली दिसते. मला मूस यांची खरी थोरवी इथे वाटते.

लोक मात्र आधी दुसरीच गोष्ट विचारतात. मुंबईतली त्यांची प्रेयसी ‘पंजाब मेलने येईन’ म्हणाली होती, म्हणून रोज रात्री त्या गाडीच्या वेळेला ते दारं-खिडक्या उघडून बसत, असं सांगतात. गोष्ट काळजाला भिडते, पण तिच्यामागे काम झाकलं जातं.

मूस यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने ते काम त्याच घरात जपलंय: छायाचित्रं, चित्रं, शिल्पं, लाकडावरचं कोरीवकाम, कागदाच्या घड्यांची ओरिगामी. गेलात तर आधी एखाद्या टेबलटॉपसमोर पाच मिनिटं उभे राहा. मेलची गोष्ट नंतर विचारा.