उताराच्या १५ अंशांचा हिशेब

चार चाकं, जमिनीलगतचा बसका बांधा आणि वेग माणूस भरभर चालेल त्याहून जरासाच जास्त. बसून चालवायचं गवतकापणी यंत्र, म्हणजे राइडिंग मोअर, पाहिलं की ते उलटेल असं कुणाच्या मनातही येत नाही. धोका म्हटला की सगळ्यांना आधी पातं आठवतं. ते भीतिदायक आहेच, त्याच्याकडे पुढे येऊ. पण या यंत्रावर ज्या अपघातांत माणसं जिवानिशी जातात, त्यांत यंत्र उलटून चालवणारा खाली सापडणं हे कारण अगदी वरच्या क्रमांकावर आहे.

यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत यावर एक आकडा दिलेला असतो: १५ अंश. उतार याहून तीव्र असेल तर तिथे यंत्र नेऊ नका. काही यंत्रांना तर १० अंशांचीच मर्यादा असते. हा आकडा बरेच जण हसण्यावारी नेतात. कंपनी स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी काहीतरी लिहिते, असा एक समज आहे. वरवर पाहता तो खराही वाटतो, कारण शाळेतल्या भौतिकशास्त्राने गणित मांडलं तर उत्तर १५ च्या जवळपासही येत नाही.

मांडूनच पाहू. यंत्राचं वजन २०० किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू, जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आहे असं धरू. चालवणारा ८० किलोचा. तो सीटवर बसलेला असल्याने त्याचा गुरुत्वमध्य साधारण ८० सेंटिमीटरवर. दोघांचा एकत्रित गुरुत्वमध्य काढला तर तो ५१ सेंटिमीटरवर येतो, सोयीसाठी ५० म्हणू. माणूस बसल्याबरोबर तो १० सेंटिमीटरने वर चढला, ही गोष्ट लक्षात असू द्या. मोटारीत चालकाचं वजन एकूण वजनाच्या मानाने किरकोळ असतं, इथे ते पाव हिश्शाहून जास्त आहे.

मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर ९० सेंटिमीटर, म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला ४५. यंत्र उताराला आडवं उभं केलं आणि गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडला, तर तो खालच्या चाकाच्या कडेच्या आत पडतोय तोवर यंत्र उभं राहील. ओळंबा कडेबाहेर गेला की यंत्र कलंडेल. ही सीमा ४५ भागिले ५०, म्हणजे ०.९ इतकी टॅन किंमत असलेल्या कोनाला येते. तो कोन ४२ अंशांचा. मग पुस्तिकेतले १५ कुठे आणि हे ४२ कुठे? मधले २७ अंश गेले कुठे?

पहिली गळती पुढच्या एक्सलमध्ये, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यामध्ये आहे, आणि या यंत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्टही तीच. लॉन ट्रॅक्टर प्रकारच्या बहुतेक यंत्रांत पुढचा एक्सल चेसिसला, म्हणजे यंत्राच्या सांगाड्याला, घट्ट बसवलेला नसतो. तो मधोमध एका पिनवर टांगलेला असतो आणि तराजूच्या दांडीसारखा खालीवर झुलतो. या यंत्रांना मोटारीसारखं सस्पेन्शन नसतं. एक्सल झुलला नसता तर खडबडीत जमिनीवर एखादं चाक सतत अधांतरी राहिलं असतं. पिनमुळे चारही चाकं जमिनीला धरून राहतात आणि गवतही सारख्या उंचीचं कापलं जातं.

पण याची किंमत मोजावी लागते. यंत्र आडवं कलू लागलं की पुढची चाकं त्याला अडवत नाहीत, ती एक्सलसकट आपापल्या जागी टेकून राहतात आणि वरचा सांगाडा पिनभोवती खुशाल वळतो. स्थिरतेच्या दृष्टीने तुमच्या खाली चार पाय नाहीतच. मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन, असे तीनच टेकू आहेत. जमिनीवर ज्या आकृतीच्या आत ओळंबा राहायला हवा, ती आकृती आयत नसून पुढे निमुळता होत गेलेला त्रिकोण आहे.

आता हिशेब पुन्हा करू. पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये १२० सेंटिमीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या पुढे ४० सेंटिमीटरवर आहे. म्हणजे पिनपर्यंतचं एक तृतीयांश अंतर आपण चालून आलो आहोत, तेव्हा त्रिकोणाची अर्धी रुंदीही ४५ वरून एक तृतीयांशाने घटून ३० झाली. थोडा दिलासा असा, की पिन जमिनीवर नसून, समजा, २५ सेंटिमीटर उंच आहे. त्यामुळे कलंडण्याची रेषा मागच्या चाकाच्या तळापासून निघून पुढे वर चढत जाते आणि गुरुत्वमध्यापाशी ती ८ सेंटिमीटर वर असते. म्हणून ५० ऐवजी ४२ धरायचे. ३० भागिले ४२ म्हणजे ०.७१, आणि कोन ३५ अंश. (ही आकडेमोड ज्यांना कंटाळवाणी वाटली त्यांनी एवढंच घ्यावं, की एका पिनने सात अंश खाल्ले.) एक्सलच्या झुलण्याला मर्यादा असते. ती गाठली की पुढची चाकं पुन्हा आधाराला येतात, पण तोवर पावणेतीनशे किलोंचा डोलारा कलू लागलेला असतो आणि तो जागच्या जागी थबकत नाही.

आता जमीन. आपण हा उतार काचेसारखा गुळगुळीत धरला होता. प्रत्यक्षात गवताखाली काय दडलंय ते दिसत नाही, म्हणून तर गवत कापायला आलो. खालच्या बाजूचं चाक ८ सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं, आणि दोन्ही चाकांच्या मध्यांत ७५ सेंटिमीटर अंतर असलं, तर यंत्र आणखी ६ अंश कलतं. त्याच वेळी वरचं चाक तेवढ्याच उंचीच्या दगडावर चढलं तर आणखी ६.

आणि मग वळण. उताराला आडवं जाता जाता चालवणाऱ्याने यंत्र चढाच्या बाजूला वळवलं, तर यंत्राला बाहेर ढकलणारा जोर उताराच्या दिशेने लागतो, गुरुत्वाकर्षणाच्याच मदतीला. (भौतिकशास्त्राचे शिक्षक याला आभासी बल म्हणतील. सीटवर बसलेल्याला ते आभासी वाटत नाही.) ताशी ८ किलोमीटर वेगाने २ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर हा जोर वजनाच्या पाव पट होतो. त्याचा परिणाम उतार सुमारे १४ अंशांनी वाढल्यासारखा असतो.

आता बेरीज करा. उतार १५, एक खड्डा ६, एक वळण १४. एकूण ३५. गणितातून मिळालेली सीमा इथेच संपली! दगड, धक्का आणि खालच्या बाजूच्या टायरचं दबणं अजून धरलेलंच नाही. माझे आकडे एका काल्पनिक यंत्राचे आहेत, तुमच्या यंत्राचे थोडे वेगळे असतील. पण १५ हा आकडा भित्र्या वकिलाने लिहिलेला नाही, एवढं यावरून दिसतं.

या बेरजेतली एकच संख्या पूर्णपणे चालवणाऱ्याच्या हातात आहे: वळणाची. आणि ती वेगाच्या वर्गावर ठरते. ताशी ८ ऐवजी ४ किलोमीटरने वळलात तर जोर निम्मा नव्हे, पाव होतो आणि १४ चे साडेतीन अंश उरतात.

शरीरही कामाला येतं. ८० किलोचा माणूस चढाच्या बाजूला १५ सेंटिमीटर झुकला तर सीमा साधारण ४ अंशांनी वाढते, घाबरून उताराकडे घसरला तर जवळपास तेवढीच घटते. मात्र तोल सावरायला पाय जमिनीवर टेकवणं हा शुद्ध आत्मघात आहे. पावणेतीनशे किलो पायाने सावरता येत नाहीत. लहान मुलाला मांडीवर घेऊन फिरवण्याची हौस इथेच मोडून काढायला हवी. त्याने गुरुत्वमध्य वर जातो ही तर दुय्यम गोष्ट, मूल पडलं तर ते पात्यापाशी पडतं.

म्हणून बसून चालवायचं यंत्र उतारावर आडवं न नेता सरळ वर-खाली न्यायचं. त्या दिशेने पाया लांब असतो. (मागून चालत ढकलायच्या यंत्राचा नियम नेमका उलटा: ते आडवं न्यायचं, नाहीतर पाय घसरून माणूस त्याच्याखाली जातो किंवा ते माणसावर येतं.) वर-खाली जाण्यात मुख्य भीती घसरण्याची. या यंत्रांचा ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांवर असतो, आणि उतरताना वजन नेमकं मागच्या चाकांवरून उठून पुढे जातं. त्यातही अनेक यंत्रांत ब्रेक डिफरन्शियलच्या (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाच्या) आधी बसवलेला असतो. एक चाक हलकं होऊन पकड सुटली की ते उलटं फिरू लागतं, दुसरं सुलटं, आणि ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही यंत्र खाली जात राहतं. ओलं गवत असेल तर हे फार लवकर घडतं. चढावर झटक्याने सुरुवात करणं वाईट, कारण तेव्हा पुढचा भाग उचलला जातो, आणि मागची गवताची पिशवी भरलेली असेल तर आणखी सहज. एक जुना ठोकताळा चांगला आहे: जो उतार यंत्र रिव्हर्समध्ये चढू शकत नाही, तो त्या यंत्राने कापायचा नाही.

‘चारही चाकांना ताकद, आता कुठलाही चढ सोपा’ असल्या जाहिरातींबद्दल दोन शब्द. चारही चाकं फिरल्याने पकड वाढते, हे खरं. त्याने गुरुत्वमध्य एक मिलिमीटरही खाली येत नाही. उलट साधं यंत्र जिथे घसरून हात टेकतं, तिथून पुढे हे तुम्हाला थेट कलंडण्याच्या कोनापर्यंत नेऊन सोडतं. ‘इतकी वर्षं चालवतोय, हात बसलाय’ ही श्रद्धाही त्याच जातीची. ओळंब्याला अनुभव कळत नाही.

उतार डोळ्यांनी मोजू नका, सगळ्यांनाच तो प्रत्यक्षापेक्षा वेगळा वाटतो. एक मीटर लांबीची सरळ फळी उतारावर ठेवा आणि तिच्यावर मोबाइलमधलं कोन मोजणारं अ‍ॅप ठेवा. फळीचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा २६ सेंटिमीटर उंच असेल तर १५ अंश झाले. अंश आणि टक्के यांची गल्लत मात्र टाळा. १५ अंश म्हणजे २७ टक्के उतार, आणि १५ टक्के म्हणजे जेमतेम साडेआठ अंश.

यंत्र उलटलंच तर वाचवते ती डोक्यामागची पोलादी कमान. शेतीच्या नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक चौकट स्वीडनने १९५९ मध्ये सक्तीची केली. कमान असेल आणि दुमडलेली नसून उभी असेल तर सीटचा पट्टा बांधायचाच, नाहीतर माणूस बाहेर फेकला जातो आणि कमान त्याच्याच अंगावर येते. कमान नसलेल्या यंत्रावर मात्र पट्टा बांधायचा नाही.

आता पातं. १८३० मध्ये इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने गवतकापणी यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरचे तंतू छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला ते सुचलं होतं आणि ते कात्रीच्या तत्त्वावर चाले. आजच्या बहुतेक यंत्रांतलं आडवं पातं कात्री नाही, ते नुसत्या वेगाच्या जोरावर गवत झोडून तोडतं. अमेरिकी मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाऊ नये, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर. ५० ग्रॅमचा खडा त्या वेगाने उडाला तर त्यात २३० ज्यूलहून जास्त ऊर्जा असते. कापण्याआधी दगड, तारा, काठ्या वेचायच्या आणि गवत बाहेर टाकणाऱ्या तोंडावरचं झाकण काढायचं नाही, ते यासाठी. सीटखालचा स्विच माणूस उठताच पातं बंद करतो. खड्ड्यात उडी बसली की इंजिन अडखळतं म्हणून काही जण त्याच्या दोन तारा जोडून टाकतात. यंत्र कलंडल्यावर पातं थांबवणारा हा स्विचच असतो.

देखभालीतही उताराचा हिशेब संपत नाही. या टायरांत हवा फार कमी असते, बहुधा १० ते १५ पीएसआय. मोटारीच्या टायरचं मीटर या पट्ट्यात भरवशाचं नसतं, कमी दाबाचं मीटर घ्या. दोन्ही बाजूंच्या हवेत फरक असेल तर यंत्र सपाटीवरही कललेलं राहतं आणि गवत एका बाजूला जास्त कापलं जातं. गवत तिरकं कापलं जाऊ लागलं तर पात्याआधी हवा तपासा. पात्यापाशी हात घालण्याआधी किल्ली काढायची आणि स्पार्क प्लगची वायर उपसून बाजूला ठेवायची, म्हणजे इंजिन चुकूनही सुरू होणार नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली जायचं नाही. सायलेन्सरभोवती साचलेलं वाळकं गवत दरवेळी झाडून काढायचं, आणि गरम इंजिनवर पेट्रोल भरायचं नाही.

आणि मागे एक छोटा दांडा असतो, बंद यंत्र ढकलून नेता यावं म्हणून. हायड्रोस्टॅटिक गिअरच्या यंत्रात पेडल सोडताच यंत्र थबकतं, ते आतल्या तेलाच्या दाबामुळे. हा दांडा ओढला की तेलाला पळवाट मिळते आणि चाकं मोकळी होतात. उतारावर उभ्या यंत्राचा हा दांडा ओढायचा नाही, आणि ढकलून झालं की तो परत जागेवर गेलाय की नाही ते इंजिन सुरू करण्यापूर्वी वाकून बघायचं.