साळिंदर काटे फेकत नाही

रावेर-यावल पट्ट्यात रात्री केळीच्या बागेत साळिंदर दिसलं की कुणीतरी सांगतंच, ‘लांब राहा, बाणासारखे काटे मारतं!’ हे साफ खोटं आहे. काटा म्हणजे कडक झालेला केस. साळिंदराला तो उभा करता येतो, फेकता येत नाही. घाबरलं की ते काटे फुलवतं, शेपटीवरचे पोकळ काटे खुळखुळवतं आणि तरीही कुणी हटलं नाही तर पाठ फिरवून मागे मागे धडक देतं. काटे मुळाशी सैल असतात, म्हणून ते कुत्र्याच्या नाकात रुतून राहतात. वाटेवर सापडतात ते नुसते गळालेले. बिचारं कंदमुळं शोधत आलेलं असतं. कुत्रा बांधा, बॅटरी विझवा, वाट मोकळी ठेवा. जखमी दिसलं तर वन विभागाला १९२६ वर कळवा.