‘सेमी’चा गुंता: सोलापुरातल्या गणित-विज्ञान वर्गांची पार्श्वभूमी

सोलापुरात वस्तीपातळीवर चालणारे गणित-विज्ञानाचे मोफत वर्ग, सुट्टीतली रोबोटिक्सची शिबिरं, फिरत्या प्रयोगपेट्या यांच्याविषयी बोलणं निघालं की ते बहुधा साहित्यावर येऊन थांबतं. संच किती आले, टॅब किती वाटले, थ्रीडी प्रिंटर कुठल्या शाळेला मिळाला. साहित्य लागतंच. पण या शहरात मुलं सगळ्यात जास्त अडखळली ती भाषेपाशी, म्हणून इथे ‘सेमी’ म्हणजे सेमी-इंग्रजी या एका शब्दाला बरीच जागा दिली आहे.

जुना काळ थोडक्यात. १८७०च्या दशकात जुनी मिल उभी राहिली, पाठोपाठ इतर गिरण्या आल्या, तेलंगणातून विणकर कुटुंबं येऊन पूर्व भागात स्थिरावली. यंत्राचं ज्ञान जॉबरकडून, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाकडून, कामगाराकडे, बापाकडून पोराकडे जायचं; त्याला कुणी शिक्षण म्हणत नसे. १९४० साली शहरात महाविद्यालय आलं, १९८३ साली खासगी अभियांत्रिकी महाविद्यालय, २००४ साली एका जिल्ह्यापुरतं स्वतंत्र विद्यापीठ. दारं वाढली. दरम्यान मोठ्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि कामगारांच्या घरात उरले यंत्रमाग आणि बीडी.

चादरीवरची नक्षी ज्या जकार्डवर उतरते त्याच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या जवळून पाहाव्यात. जिथे भोक आहे तिथे ताणा, म्हणजे उभा धागा, उचलला जातो, जिथे नाही तिथे तो खालीच राहतो. एक किंवा शून्य, एवढ्यावर अख्खा मोर विणला जातो. संगणकाच्या इतिहासात ज्याचा उल्लेख हमखास येतो ते हे यंत्र पूर्व भागातल्या मुलांनी चालायला लागल्यापासून पाहिलेलं असतं. त्यांना बायनरी समजावताना काही स्वयंसेवक या पट्ट्याच वर्गात आणतात, आणि फळ्यावर अर्धा तास घालवण्यापेक्षा ते फार बरं.

आता भाषेचं. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पुढच्या गल्लीत उर्दू, शाळेत मराठी आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. नववीत मुलीने ‘वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग’ हे पाठ नव्हे, समजून घेतलेलं असतं. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर ‘मोमेंटम’ येतं आणि ही आपली जुनी ओळखीची गोष्ट आहे हेच तिला कळत नाही. त्वरणाचं ॲक्सिलरेशन होतं, जडत्वाचं इनर्शिया. दिवाळीपर्यंत ती आर्ट्सला जाऊ का असं विचारू लागते. या मुलांना ‘सायन्स झेपत नाही’ असं सर्रास म्हटलं गेलं. ते अन्यायाचं होतं.

या खिंडारावर उपाय म्हणून ‘सेमी’ पुढे आलं. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे ओढा वाढत होता, मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत होते, तेव्हा गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून हा मधला रस्ता शाळांना आणि पालकांना दोघांनाही पटला. ‘पोराला सेमीला टाकलंय’ हे वाक्य यंत्रमाग कामगाराच्या तोंडी अभिमानाने येऊ लागलं.

गुंता असा की या शब्दाचा अर्थ शाळेगणिक बदलतो. कुठे पहिलीपासून फक्त गणित इंग्रजीत, कुठे पाचवीपासून विज्ञानही, कुठे आठवीत अचानक दोन्ही. पुस्तक इंग्रजी असतं, पण शिकवणारे बाई-सर स्वतः मराठीतून शिकलेले. ते वाक्य इंग्रजीत वाचतात, मराठीत समजावतात आणि उत्तर इंग्रजीत पाठ करून घेतात. मुलांकडे शब्द येतात, अर्थ मागे राहतो. म्हणजे जुन्या पद्धतीत अर्थ होता, शब्द नव्हते. सेमीत बरेचदा उलटं घडलं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं वजनदार आहे: विज्ञान मातृभाषेतच रुजतं. राज्य स्थापन झालं त्याच वर्षी, १९६० मध्ये, परिभाषेचं काम सरकारी पातळीवर सुरू झालं आणि त्यातून चांगले, अर्थवाही शब्द घडले. पण सोलापुरात हा वाद ऐकताना एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजू मातृभाषा म्हणजे मराठी असं धरून चालतात. पूर्व भागातल्या हजारो मुलांची मातृभाषा तेलुगू आहे. त्यांच्यासाठी ‘प्रकाशसंश्लेषण’ आणि ‘फोटोसिंथेसिस’ हे दोन्ही शब्द परकेच. या मुलांचा विचार सेमीच्या निर्णयात झाला होता असं दिसत नाही.

वस्तीतले संध्याकाळचे मोफत वर्ग नेमके इथे उपयोगी पडले. चालवणारे कोण? निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, पूर्वी याच गल्ल्यांतून शिकून इंजिनिअर झालेली मुलंमुली. फळ्याच्या डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत, आणि तोंडाने तेलुगूत स्पष्टीकरण. खर्च खडूचा. आठवीच्या एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी हे अनेक वर्गांचं निमित्त असतं, कारण त्या शिष्यवृत्तीचे वर्षाला १२,००० रुपये नववी ते बारावी मिळतात आणि मूल कामाला लागण्याचं लांबतं.

पैशाची बाजू याहून अवघड आहे. बीडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळायची ती १९७६च्या कायद्याने उभारलेल्या कल्याण निधीतून. त्या निधीचा उपकर जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला आणि योजना सर्वसाधारण अर्थसंकल्पावर अवलंबून राहिली. अर्ज ऑनलाइन झाले. आडनाव तेलुगू, दाखल्यावर त्याचं एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं. सप्टेंबर-ऑक्टोबरात काही वर्गांत गणित बाजूला ठेवून नुसते अर्जच दुरुस्त केले जातात. हेही विज्ञानशिक्षणाचंच काम आहे, अहवालात ते दिसत नाही एवढंच.

२०१६ नंतर शाळांना टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायच्या प्रयोगशाळेसाठी, २० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं. अट १,५०० चौरस फूट जागेची. दोन सत्रांत भरणाऱ्या, खोल्यांची टंचाई असलेल्या शाळेने ती आणायची कुठून?

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा नीलमनगरातल्या एका शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. स्मार्टफोन नसलेली मुलं अंतर राखून भिंतीसमोर उभी राहून अभ्यास करत होती. त्याच वर्षी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला १० लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला. पुस्तकातल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम त्यामागे होतं. दोन्ही प्रयोग एकाच जिल्ह्यातले, पण दुसऱ्याला फोन लागतो.

२०२१ पासून हालचाली वेगाने झाल्या. अभियांत्रिकी पदवी मराठी आणि तेलुगूसह अकरा भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी मिळाली, जेईई मेन ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा मराठीत आली. राज्याच्या सीईटीत मात्र भौतिक आणि रसायनचा पेपर मराठीत, उर्दूत मिळतो आणि गणिताचा फक्त इंग्रजीत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यातली तरतूद चर्चेत आली: दहावीला गणित-विज्ञानात ३५ऐवजी २० गुणांवर उत्तीर्ण, पण पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा. नापासाचा शिक्का टळेल, हे खरं. वर्ग चालवणाऱ्यांना काळजी वेगळी आहे. प्रश्नातलं ‘व्हेलॉसिटी’ न कळल्यामुळे २८ गुणांवर थांबलेली मुलगी आणि गणित खरोखरच न जमणारी मुलगी, दोघींच्या गुणपत्रिकेवर शेरा एकच येईल.