रश (बँड) : सदस्य आणि सहकारी

रश हा टोरांटोच्या विलोडेल भागात १९६८ मध्ये सुरू झालेला कॅनडाचा रॉक बँड. गिटारवर ॲलेक्स लाइफसन, ड्रम्सवर जॉन रटझी आणि बास-गायनाला जेफ जोन्स अशी सुरुवात झाली. जोन्स लगेचच बाहेर पडले आणि लाइफसन यांचे शाळासोबती गेडी ली त्यांच्या जागी आले. दोघेही स्थलांतरितांच्या घरातले : लाइफसन सर्बियन कुटुंबातले, तर ली यांचे आईवडील नाझी छळछावण्यांतून वाचलेले पोलिश ज्यू.

पहिला अल्बम १९७४ चा. क्लीव्हलंडच्या रेडिओवर डोना हॅल्पर यांनी त्यातले ‘वर्किंग मॅन’ वाजवले, कामगारवस्तीच्या त्या शहराने ते उचलून धरले आणि बँडला अमेरिकेची दारे उघडली. ऐन दौऱ्याच्या तोंडावर प्रकृतीच्या कारणाने रटझी बाजूला झाले. २९ जुलै १९७४ रोजी नील पीअर्ट आले आणि पंधरवड्यानंतर पिट्सबर्गमध्ये सुमारे ११,००० श्रोत्यांसमोर उभे राहिले. ड्रमर म्हणून घेतलेला हा माणूस पट्टीचा वाचक निघाला. बँडची बहुतेक गीते पुढे त्यांनीच लिहिली. बाकीच्या दोघांना लिहिण्याची फारशी हौस नव्हती, हेही त्यामागचे कारण.

हे त्रिकूट २०१५ पर्यंत अभंग राहिले. मंचावर चौथा वादक नको, हा त्यांचा जवळजवळ हट्टच होता. त्यामुळे ली गाता गाता बास वाजवत, हात मोकळा होताच कीबोर्डकडे वळत आणि पायाने पेडल दाबून सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचे सूर काढत. बाहेरचे वादक दौऱ्यावर सोबत आले ते थेट २०१२ मध्ये, तेही तंतुवाद्यांचा छोटा ताफा म्हणून.

स्टुडिओत मात्र दार उघडे असे. मॅक्स वेबस्टर या बँडचे गीतकार पाय डुबॉय यांच्या मूळ मसुद्यावरून पीअर्ट यांनी ‘टॉम सॉयर’ (१९८१) घडवले. ‘लूझिंग इट’मध्ये (१९८२) बेन मिंक यांचे व्हायोलिन आहे, तर ‘टाइम स्टँड स्टिल’मध्ये (१९८७) एमी मान यांचा आवाज. १९७५ पासून अल्बमची मुखपृष्ठे करणारे ह्यू साइम ‘२११२’ (१९७६) या अल्बममध्ये कीबोर्डही वाजवून गेले. व्यवस्थापक रे डॅनिअल्स आणि प्रकाशयोजनाकार हॉवर्ड अंगरलायडर यांची साथ दशकानुदशके टिकली.

रशचा बदलता नाद निर्मात्यांच्या यादीतूनही वाचता येतो. टेरी ब्राउन १९८२ च्या ‘सिग्नल्स’ अल्बमपर्यंत होते, सिंथेसायझरचे वजन वाढत गेले तसे बँडला नवे कान हवे होते. पीटर कॉलिन्स यांनी ‘पॉवर विंडोज’ला (१९८५) भरजरी रूप दिले, तेव्हा लाइफसन यांची गिटार मागे सरकल्यासारखी वाटते. १९९३ च्या ‘काउंटरपार्ट्स’वर तीच गिटार पुन्हा पुढे आणणारेही कॉलिन्सच. पीअर्ट यांनी तर नव्वदीत, नावारूपाला आल्यावर, जाझमधील ज्येष्ठ ड्रमगुरू फ्रेडी ग्रुबर यांच्याकडे नव्याने शिकवणी धरली.

१९९७-९८ मध्ये दहा महिन्यांच्या आत मुलगी आणि पत्नी गमावल्यावर पीअर्ट मोटारसायकलवरून दूर निघून गेले. बँड थांबला, पण त्यांच्या जागी कोणालाही घेतले नाही. ते परतल्यावर २००२ मध्ये ‘व्हेपर ट्रेल्स’ आला. शेवटचा कार्यक्रम १ ऑगस्ट २०१५ रोजी लॉस एंजेलिस परिसरात झाला. ७ जानेवारी २०२० रोजी पीअर्ट मेंदूच्या कर्करोगाने वारले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ली आणि लाइफसन यांनी २०२६ चा दौरा जाहीर केला, तेव्हा ड्रम्ससाठी जर्मनीच्या अनिका निलेस यांची निवड केली.