लांब इंग्रजी शब्दांची फोड आणि आघात

लांब इंग्रजी शब्द बोलताना त्याचे सिलॅबल म्हणजे उच्चारातले तुकडे पाडायचे आणि त्यातल्या एकावर जोर द्यायचा, या जोराला आघात म्हणतात, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी पोरांचं घोडं बहुतेक इथंच अडतं. स्पेलिंग पाठ असतं, अर्थपण माहीत असतो, पण सगळे तुकडे एकाच वजनानं येतात, कारण मराठीत जोर इकडचा तिकडं झाला म्हणून अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलू शकतो, रेकॉर्डचा जोर पहिल्या तुकड्यावर दिला की नाम, दुसऱ्यावर दिला की क्रियापद.

तुकडे पाडणं खरं तर आपल्या कानाला नवीन नाही. कमळ लिहिताना अक्षरं तीन, तोंडात तुकडे दोनच, क-मळ, पण कन्नड माणूस क-म-ल असं तिन्ही म्हणतो. गावाचंच नाव घ्या, मराठीत बेळ-गाव, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी झालेलं नाव कन्नडमध्ये बे-ळ-गा-वि. सीमाभागातल्या पोराकडं हे दोन्ही कान असतात, इंग्रजीच्या तासाला ते वापरलेच पाहिजेत.

जोर कुठं पडणार ते बऱ्याचदा शेपटावरनं कळतं. शन, इक, इकल, इटी लागलं की जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर येतो. इथल्याच व्हीटीयूचं पूर्ण नाव बघा, १९९८ साली सुरू झालेली विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी. टेक्नॉलॉजी म्हणताना जोर ‘नॉ’वर, टेक्नॉलॉजिकल झालं की तो ‘लॉ’वर सरकतो आणि मागचा ‘नॉ’ मिटून नुसता ‘न’ उरतो, टेक-न-लॉ-जि-कल. युनिव्हर्सला जोर ‘यु’वर, युनिव्हर्सिटीला ‘व्हर’वर. जोर गेलेला स्वर असा अर्धवट ‘अ’ होतो हे कुणी सांगतच नाही, आणि ऐकताना शब्द ओळखू येत नाही तो नेमका त्यामुळं! नेस, मेंट, लेस, फुल ही शेपटं जोर हलवत नाहीत.

बांधणी आपल्या ‘घरातल्यांनासुद्धा’सारखीच, एकाला एक जोडत जायचं. इंटरनॅशनलायझेशनमध्ये मूळ शब्द नेशन, अल लागल्यावर ‘ने’चा ‘नॅ’ झाला, मग आइझ, मग एशन, आणि पुढनं इंटर. मुख्य जोर ‘झे’वर, थोडा ‘नॅ’वर. पोरांकडनं म्हणवून घेताना शेपटाकडनं सुरू करावं, झेशन, लायझेशन, नॅशनलायझेशन, म्हणजे जोराची जागा पहिल्यापासनं तोंडात बसते आणि इंटर शेवटी आपोआप येऊन चिकटतं.